स्कॅनर, नकाशा आणि कॅमेरा: अमेरिकेत आपत्कालीन घटनांचे फोटो काढायला सुरुवात करताना

घटना कळून फोटो काढायला वेळेत पोचायचं तर पोलिस-अग्निशमनाचं वायरलेस पकडणारा रेडिओ, म्हणजे स्कॅनर, लागतो. तो विकत घेण्याआधी एक काम करा. तुमच्या काउंटीतले पोलिस आणि अग्निशमन दल वायरलेसवर अजून उघडपणे बोलतात का, ते पाहा. रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावर आधी राज्य आणि मग काउंटी निवडली की तिथल्या यंत्रणांची आणि चॅनेलांची यादी मिळते. त्यातल्या ‘मोड’च्या रकान्यात शेवटी मोठं ‘ई’ दिसलं, तर ते चॅनेल पूर्ण एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेलं आहे. लहान लिपीतलं ‘ई’ असेल, तर अधूनमधून एन्क्रिप्टेड. एन्क्रिप्टेड बोलणं कितीही महागड्या स्कॅनरवर ऐकू येत नाही. विक्रेता काहीही सांगो, ७०० डॉलरचं यंत्र तिथे मुकंच राहतं.

गेल्या काही वर्षांत अशी कुलपं झपाट्याने लागली आहेत. डेन्व्हरच्या पोलिसांनी २०१९ मध्ये सगळं एन्क्रिप्ट केलं. शिकागोत २०२२ पासून बोलणं ३० मिनिटं उशिरा ऐकवायची पद्धत आली, आणि अर्ध्या तासाने कळलेल्या अपघाताचा फोटोग्राफरला काय उपयोग? न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या न्याय विभागाने वैयक्तिक माहिती जपण्याबद्दल पत्रक काढलं आणि त्यानंतर तिथल्या अनेक शहरांचे पोलिस ऐकू येईनासे झाले. अग्निशमन दलं मात्र बहुतेक ठिकाणी अजून उघडी आहेत. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. पोलिसांच्या बहुतेक कॉल्सवर पोचल्यावर दिसतं काय, तर दोन उभ्या गाड्या आणि पिवळी फीत.

कायदा आधी, यंत्र नंतर

अमेरिकेत घरी बसून उघडं वायरलेस ऐकायला परवाना लागत नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने सर्वसामान्यांना सहज पकडता येणारं पोलिस-अग्निशमनाचं बोलणं ऐकायची मुभा दिली आहे. पण १९३४ च्या दळणवळण कायद्याचं ६०५ वं कलम अजूनही लागू आहे आणि पकडलेला संदेश जाहीर करण्यावर किंवा स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यावर त्यात बंधनं आहेत. म्हणून स्कॅनरवर ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं फेसबुकवर टाकू नका. स्कॅनरने जागा सांगायची. बातमी तुमच्या डोळ्यांनी आणि अधिकाऱ्याच्या तोंडून यायला हवी.

गाडीत स्कॅनर ठेवण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी आणि मिनेसोटा या राज्यांत परवानगीशिवाय किंवा सवलतीत बसत असल्याशिवाय गाडीत असा रेडिओ बाळगणं हा गुन्हा ठरू शकतो. न्यू जर्सीत नुसता बाळगणं हा गुन्हा नाही, पण गुन्हा करताना जवळ असेल तर त्याचं वेगळं कलम लागतं. म्हणजे तिथल्या एडिसन किंवा जर्सी सिटीहून निघून हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये शिरलात की नियम बदलला. काही राज्यांत फोनवरचं स्कॅनर ॲपही त्याच कायद्यात मोडतं.

यावर एक सरळ उपाय आहे: हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा टेक्निशियन हा पहिल्या पायरीचा परवाना. यापैकी अनेक राज्यं हॅम परवानाधारकांना सूट देतात (सवलतीच्या अटी मात्र मूळ कायद्यात वाचून घ्या, न्यूयॉर्कमध्ये त्या बऱ्यापैकी काटेकोर आहेत). परीक्षेत ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की पास. सरकारी शुल्क ३५ डॉलर, मुदत १० वर्षं. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरची व्यक्तीही परीक्षेला बसू शकते.

हा छंद सुटकेसमध्ये घालून भारतात नेऊ नका. तिथे बिनतारी यंत्र बाळगायलाच परवाना लागतो आणि पोलिसांचं वायरलेस चोरून ऐकणं गुन्हा आहे. ब्रिटनमध्येही २००६ च्या कायद्याने आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकायला मनाई आहे.

कोणता स्कॅनर

यादीत तुमचं अग्निशमन दल साध्या ॲनालॉग (डिजिटल नसलेल्या) व्हीएचएफ किंवा यूएचएफ पट्ट्यातल्या वारंवारितेवर दिसत असेल, तर युनिडेन कंपनीचा बीसी१२५एटी पुरतो. त्यात ५०० चॅनेल बसतात आणि तो डिजिटलच्या तुलनेत फारच स्वस्त आहे. ग्रामीण काउंट्यांत आणि स्वयंसेवी अग्निशमन दलांत अजून हे चालतं.

यादीत ‘प्रोजेक्ट २५’ ही डिजिटल पद्धत लिहिलेली असेल तर डिजिटल ट्रंकिंग स्कॅनर लागेल. बँकेत टोकन घेतल्यावर जो काउंटर मोकळा होईल तिकडे बोलावतात, तसं ट्रंकिंगमध्ये जी वारंवारिता मोकळी असेल ती त्या क्षणी बोलणाऱ्या गटाला मिळते. साधा स्कॅनर एकाच काउंटरवर कान लावून बसतो, म्हणून त्याला अर्धवट वाक्यं ऐकू येतात.

इथे नवखे हमखास फसतात, कारण बऱ्याच काउंट्यांत ‘सिमलकास्ट’ असतं: अनेक मनोरे तोच संदेश एकाच वारंवारितेवर एकाच वेळी पाठवतात. हे संदेश सूक्ष्म फरकाने तुमच्यापर्यंत पोचतात, एकमेकांत मिसळतात आणि जुन्या पद्धतीच्या स्कॅनरवर आवाज रोबोसारखा तुटतो. सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या आणि तरी बोलणं कळत नाही, असं दिसलं की आजार हाच. २०१८ मध्ये आलेला युनिडेनचा हातातला एसडीएस१०० आणि नंतरचा टेबलावरचा एसडीएस२०० यांचा रिसीव्हर याच अडचणीसाठी वेगळ्या पद्धतीने बांधला आहे. हातातल्याची किंमत सुमारे ७०० डॉलर. तेवढे खर्चायचे नसतील तर लॅपटॉपला लावायच्या ३०-४० डॉलरच्या आरटीएल-एसडीआर डाँगलवर (संगणकाला रेडिओ बनवणारं छोटं यंत्र) ‘एसडीआरट्रंक’ हा मोफत प्रोग्रॅम चालवा. एक डाँगल साधारण २.४ मेगाहर्ट्‌झचा पट्टा एका वेळी पाहतो. तुमच्या यंत्रणेच्या वारंवारिता त्याहून लांब पसरल्या असतील तर दुसरा लागेल. घरी शिकायला ही जोडी उत्तम. गाडीत लॅपटॉप सांभाळत ती वापरायच्या भानगडीत पडू नका.

ब्रॉडकास्टिफायसारख्या ॲपवरून फोनवर फुकट ऐकता येतं आणि आपल्या भागातली भाषा कानावर बसवायला ते चांगलं. पण तिथला आवाज अर्ध्या मिनिटापासून दोनेक मिनिटांपर्यंत मागे असतो, आणि कोणतं चॅनेल ऐकायचं ते प्रसारण करणारा ठरवतो.

अँटेना

डब्यातली रबरी अँटेना सगळ्या पट्ट्यांसाठी थोडी थोडी असते, म्हणजे कुठल्याच एका पट्ट्यासाठी पुरेशी नसते. पाव-तरंग (तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढ्या) अँटेनाची लांबी काढायची तर ७५०० ला मेगाहर्ट्‌झने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. १५५ मेगाहर्ट्‌झला सुमारे ४८ सेंमी, ७७० ला दहाच्या जरा आत. त्या लांबीची चाबकासारखी अँटेना स्वस्तात मिळते. खिडकीपासून यंत्रापर्यंत वायर न्यायची असेल तर केबल टीव्हीची आरजी-६ वापरा. बारीक आरजी-५८ ही ८०० मेगाहर्ट्‌झवर लांब अंतरात सिग्नल खाऊन टाकते.

सिमलकास्टमध्ये मात्र उलटा न्याय लागू होतो. मोठी, उंच अँटेना जास्त मनोरे पकडते आणि गोंधळ वाढवते. तिथे अँटेना लहान करा, किंवा स्कॅनर तीन-चार फूट सरकवून इमारतीच्या आडोशाला ठेवून बघा.

नव्या यंत्राची पहिली चाचणी हवामान खात्याच्या रेडिओवर घ्या. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झमधल्या सात वारंवारितांपैकी एक तरी बहुतेक शहरांत चोवीस तास बोलत असते. ती ऐकू आली म्हणजे यंत्र आणि अँटेना ठीक आहेत, आता दोष शोधायचा तो प्रोग्रॅमिंगमध्ये.

थोडीच चॅनेलं भरा

डिजिटल स्कॅनरमध्ये झिप कोड टाकला की आसपासच्या सगळ्या यंत्रणा आपोआप चालू होतात. पहिल्या दिवशी गंमत वाटते. पण बर्फ काढणाऱ्या गाड्या, शाळेच्या बस आणि शेजारच्या काउंटीचं अग्निशमन दल ऐकता ऐकता तुमच्या गल्लीतली आग निसटते. म्हणून ‘फेव्हरिट्स’ची वेगळी यादी करा आणि तिच्यात सुरुवातीला एवढंच ठेवा: तुमच्या काउंटीचं अग्निशमन डिस्पॅच (गाड्या पाठवणारा नियंत्रण कक्ष), त्याची दोन-तीन फायरग्राउंड (आगीच्या जागेवरची) चॅनेलं, रुग्णवाहिका डिस्पॅच, आणि उघडं असेल तर महामार्ग पोलिसांचं चॅनेल. डिस्पॅचला ‘प्रायॉरिटी’ द्या. ‘डिले’ दोन सेकंद ठेवा, नाहीतर प्रश्न ऐकून स्कॅनर पुढे पळतो आणि उत्तर दुसऱ्याच कुणाचं ऐकू येतं. वायफळ चॅनेल आलं की ‘अव्हॉइड’, आणि घटना सुरू झाली की त्या चॅनेलवर ‘होल्ड’.

दुसरं वाक्य

डिस्पॅचरचं पहिलं वाक्य म्हणजे कुणीतरी फोन केला, एवढंच. ‘स्ट्रक्चर फायर’ हे शब्द ऐकून चावी उचलणारा महिन्याभरात पेट्रोलच्या बिलाने थकतो, कारण त्यातले कितीतरी कॉल करपलेल्या फोडणीचे आणि बिघडलेल्या अलार्मचे निघतात. वाट पाहायची ती दुसऱ्या वाक्याची, म्हणजे पहिली गाडी पोचल्यावर तिचा अधिकारी जे बोलतो त्याची. तोपर्यंत बूट घाला, नकाशा उघडा, पण गाडी सुरू करू नका.

‘नथिंग शोइंग’ म्हणजे बाहेरून काही दिसत नाही, बसून राहा. ‘लाइट स्मोक’ म्हणजे आणखी मिनिटभर थांबा. ‘स्मोक शोइंग’, ‘वर्किंग फायर’, ‘फुली इनव्हॉल्व्ह्ड’ यापैकी काही आलं की निघा. ‘सेकंड अलार्म’ म्हणजे जास्तीची कुमक मागवली; मुंबई अग्निशमन दलाची वर्दी ‘लेव्हल दोन’ची झाली की जे समजायचं, साधारण तेच. न्यूयॉर्क शहरात ‘टेन-सेव्हन्टीफाइव्ह’ हा आगीचा इशारा, आणि पाठोपाठ ‘ऑल हँड्स’ आलं की काम मोठं आहे. आग आवाक्यात येईल असं वाटलं की तिथले अधिकारी ‘प्रॉबेब्ली विल होल्ड’ म्हणतात, भरवसा नसेल तर ‘डाउटफुल’. अपघातात ‘एंट्रॅपमेंट’ आणि ‘एक्स्ट्रिकेशन’ म्हणजे माणूस गाडीत अडकला आहे, कापून काढणार आहेत. ‘लँडिंग झोन’ म्हणजे हेलिकॉप्टर येतंय.

दहाच्या आकड्यांचे कोड पाठ करताना गाव लक्षात ठेवा. न्यूयॉर्कच्या पोलिसांत ‘टेन-थर्टीन’ म्हणजे सहकारी संकटात आहे, सगळ्यांनी धावा. जुन्या सर्वसाधारण यादीत तोच आकडा हवामान आणि रस्त्याची स्थिती विचारायला आहे. अक्षरंही विमानतळावरची नसतात. पोलिस बहुधा ‘अल्फा, ब्राव्हो’ न म्हणता ‘ॲडम, बॉय, चार्ल्स, डेव्हिड’ म्हणतात.

बाहेर पडण्याआधी दोन आठवडे नुसतं ऐका. शेजारी वही ठेवा: वेळ, पत्ता, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, आणि शेवटी काय निघालं. जिथे पल्सपॉइंट ॲप चालतं तिथे अग्निशमनाच्या कॉलचा पत्ता नकाशावर दिसतो, त्याच्याशी आपली नोंद ताडून बघा. कॅलिफोर्नियात महामार्ग पोलिसांच्या चालू घटनांचं पान सगळ्यांना खुलं आहे, तेही असंच वापरा. पत्ता ऐकताना मोठी चूक होते ती दिशेची: ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ एकाच रस्त्याचे दोन भाग असतात, आणि ‘स्ट्रीट’ऐवजी ‘अव्हेन्यू’ ऐकलं की तुम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला.

निघायचं की नाही

पगारी अग्निशमन दलांसाठी एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात तयारीला ८० सेकंद आणि पहिल्या बंबाच्या प्रवासाला ४ मिनिटं धरलेली आहेत. म्हणजे दुसरं वाक्य कॉलनंतर पाच-सहा मिनिटांनी येतं. उपनगरांतल्या स्वयंसेवी दलांना जास्त वेळ लागतो. एका घराच्या आगीत ज्वाळा दिसायचा काळ बहुतेकदा पाणी सुरू झाल्यानंतर काही मिनिटांत संपतो, त्यामुळे तुम्ही २० मिनिटं लांब असाल तर मिळेल ती वाफ, ओल्या नळ्या आणि दमलेले चेहरे. ते फोटो वाईट नसतात, उलट पुष्कळदा ज्वाळांपेक्षा चांगले निघतात. पण काय मिळणार ते निघतानाच माहीत असू द्या. सेकंड अलार्म असेल तर ४० मिनिटांचं अंतरही परवडतं.

वेग मर्यादेतच ठेवा. बंबाच्या शेपटीला लागून जाणं बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात किमान ३०० फूट अंतर ठेवावं लागतं, इतर राज्यांचे आकडे वेगळे. कडेला दिवे लावून उभ्या गाड्या दिसल्या की लेन बदलणं किंवा वेग कमी करणं, हा ‘मूव्ह ओव्हर’ कायदा पन्नासही राज्यांत आहे. रस्त्यावर पसरलेल्या नळीवरून गाडी घातलीत, तर त्या दलाकडून पुन्हा सहकार्याची अपेक्षा ठेवू नका.

जागेवर

गाडी एक-दोन चौक अलीकडे, निघायच्या दिशेने तोंड करून लावा. बंबाला पाणी पुरवणाऱ्या हायड्रंटपासून न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात १५ फूट, न्यू जर्सीत १० फूट दूर. उशिरा येणारे बंब तुमच्या मागून गल्ली भरून टाकतात, त्यामुळे चुकीच्या जागी लावलेली गाडी दोन-तीन तास अडकते.

अंगावर चमकत्या पट्ट्यांचं, क्लास २ किंवा ३ चं जाकीट. त्यावर ‘फायर’ किंवा ‘पोलिस’ लिहिलेलं अजिबात नको. पायात जाड तळव्याचे बूट, खिशात टॉर्च, हिवाळ्यात जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, कारण थंडीत ती लवकर उतरते.

वाऱ्याच्या बाजूने उभं राहा, धूर तुमच्यापासून दूर जायला हवा. एन-९५ मास्क कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. जळत्या इमारतीपासून तिच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर, भिंत बाहेर पडते तेव्हा लांब पडते. तुटलेली वीजतार दिसली तर निदान ३५ फूट मागे. ती ठिणग्या टाकत नसली तरी जिवंत असू शकते. टँकर उलटला असेल आणि आत काय आहे कळत नसेल तर १०० मीटरच्या आत जाऊ नका. टँकरवरच्या चौकोनी पाटीचा आकडा लांबच्या लेन्समधून वाचा: १२०३ म्हणजे पेट्रोल.

पांढरं हेल्मेट घातलेला माणूस बहुतेक दलांत चीफ असतो. तो रेडिओवर बोलत असताना जवळ जाऊ नका. क्षणभर मोकळा दिसला की नाव सांगा, कुठे उभं राहिलेलं चालेल ते विचारा, आणि सांगेल तिथेच उभे राहा. सार्वजनिक रस्त्यावरून कामावरच्या पोलिसांचं चित्रण करण्याचा हक्क अनेक केंद्रीय अपील न्यायालयांनी मान्य केला आहे. न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनियासाठी तो निकाल २०१७ चा आहे. पण त्या हक्काने फितीच्या आत जाता येत नाही. मागे व्हा म्हटलं की मागे व्हायचं, आणि मागे होताना फोटो काढत राहायचं. कॅलिफोर्नियात आपत्तीमुळे बंद केलेल्या भागात अधिकृत वार्ताहरांना जायची मुभा कायद्याने दिली आहे, ती हौशी माणसाला लागू नाही. वणव्यावर ड्रोन उडवलात तर पाणी टाकणारी विमानं खाली उतरवावी लागतात, आणि तो केंद्रीय गुन्हा आहे.

कॅमेरा

दोन लेन्स पुरतात: २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटर, जमलं तर दोन्ही एफ/२.८. रात्री सुरुवात आयएसओ ३२००, एफ/२.८, १/२५० सेकंदाने करा. ज्वाळा चौकटीत असतील तर कॅमेरा स्वतःहून ठरवतो त्यापेक्षा एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) अंधारं ठेवा, नाहीतर आगीचा नुसता पांढरा डाग होतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइलच घ्या, कारण पथदिवे, आग आणि निळे-लाल दिवे यांचा रंग एका व्हाइट बॅलन्समध्ये (रंग जुळवायच्या सेटिंगमध्ये) बसत नाही.

फ्लॅश शक्यतो नको. अग्निशामकांच्या कोटावरच्या पट्ट्या प्रकाश थेट तुमच्याकडे परत फेकतात आणि चेहरा काळा, पट्ट्या पेटलेल्या असा फोटो येतो. वापरावाच लागला तर ताकद दोन स्टॉप कमी करा. मिररलेस कॅमेऱ्यावर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा. गाड्यांवरचे एलईडी दिवे लुकलुकत असल्याने इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये आडवे पट्टे उमटतात. ते दिवे क्षणात उजळतात, क्षणात विझतात, म्हणून एकेक न घेता तीन-चार फ्रेमची मालिका घ्या.

आधी एक रुंद फोटो, ज्यात रस्त्याची पाटी किंवा ओळखीची इमारत असेल. मग माणसं. मग बारीक गोष्टी. जखमींचे चेहरे, गाड्यांच्या नंबरपाट्या आणि मृतदेह लांबच्या चौकटीत किंवा पाठमोरे ठेवा. घरच्यांना कळायच्या आत तुमचा फोटो पोचता कामा नये.

ओळी आणि पैसे

फोटोखालच्या ओळीत तारीख, चौक, कोणतं दल आणि डोळ्यांना दिसलं ते. कारण, जखमींची संख्या आणि नावं दलाच्या प्रवक्त्याकडूनच. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या शोधमोहिमेच्या रात्री ‘स्कॅनरवर ऐकलं’ म्हणून एका भारतीय वंशाच्या बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून समाजमाध्यमांवर पसरलं. त्याचा त्या प्रकरणाशी काहीच संबंध नव्हता.

फोटो विकायचे असतील तर आधी व्हिसा पाहा. एच-१बीवर असताना मालकाखेरीज इतरांसाठी केलेलं पैशाचं काम परवानगीत बसत नाही, स्थानिक वाहिनीचा छोटासा चेकही त्यात येऊ शकतो. ग्रीन कार्ड येईपर्यंत छंद म्हणूनच काढा, किंवा आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

स्कॅनर गप्प झाला तर

काल चालत होता, आज शांत, असं होतं तेव्हा यंत्र क्वचितच बिघडलेलं असतं. आधी हवामान रेडिओ लावून बघा. तो चालला तर चुकून ‘होल्ड’ किंवा ‘अव्हॉइड’ दाबलं गेलं आहे का ते तपासा. हे सगळ्यात जास्त वेळा निघतं. मग संगणकाला जोडून युनिडेनच्या सेंटिनेल प्रोग्रॅममधून नवी माहिती भरा, ती दर आठवड्याला येते. काउंटीने नव्या यंत्रणेवर उडी घेतली असेल तर ती त्यात सापडेल. हातातलं यंत्र एका खोलीत बोलतं आणि दुसरीत तुटतं, तर दोष सिमलकास्टचा. स्क्रीनवर ‘एन्क’ असं दिसतंय आणि आवाज नाही, तर तुमच्याही गावाने कुलूप लावलं. त्या चॅनेलला ‘अव्हॉइड’ द्या आणि अग्निशमनावर या.